घाण्याचं चाक दिसतं, हात का दिसत नाहीत?



तिकोन्यावर चढताना वाटेत चुन्याचा घाणा लागतो. गोल दगडी चर आणि त्यात फिरवायचं जड चाक. पोरं फोटो काढतात, ‘काय ते स्थापत्य!’ म्हणतात आणि पुढं जातात. चाक बैलानं ओढलं. बैल कुणी हाकला, चुना कुणी भाजला? इथं मात्र सगळे गप्प.

आपला दख्खन काळ्या कातळाचा. ओढ्याकाठचे चुनखडीचे खडे वेचायचे, भट्टीत सरपणाबरोबर थरावर थर रचायचे आणि सुमारे ९०० अंशांपर्यंत तापवायचे. निघालेल्या कळीच्या चुन्यावर पाणी ओतलं की तो उकळतो. डोळ्यात उडाला तर डोळा जातो. विझवलेला चुना वाळू, विटांची भुकटी घालून घाण्यात मळायचा. हे रसायनशास्त्रच होतं, फक्त ते पोथी वाचायची बंदी असलेल्यांच्या हातात होतं. चुना भाजणारे लोणारी. त्यांच्या एका शाखेचं नावच चुनेलोणारी. लाकूडफाटा वाहणं हे महाराच्या वतनी कामांपैकी एक. याच वतनाच्या वेठीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणलं.

आपल्यातलेच काही म्हणतात, ‘किल्ले त्यांचे, आपला काय संबंध?’ मला हे अजिबात पटत नाही. असं म्हणून आपण आपल्याच बापजाद्यांचा घाम दुसऱ्याच्या खात्यावर जमा करतो. आणि उलट टोकाला जाऊन ‘सगळं आम्हीच बांधलं’ म्हणणंही खोटं. लोणारी आज ओबीसीत आहेत, त्यांचं श्रेय त्यांनाच. जात श्रमिकांनाच एकमेकांपासून तोडते, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच मांडलं होतं.

जुलै २०२५ मध्ये लोहगड, रायगडासह १२ किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले. आनंदच आहे. पण किल्ल्याखालच्या गावातली, गायरानातली पडकी भट्टी कुणाच्या यादीत आहे? १९५८ चा पुरातत्त्व कायदा ऐतिहासिक महत्त्वाची, १०० वर्षं जुनी रचना मागतो. ती राजाचीच असावी अशी अट त्यात नाही. मग ‘महत्त्वाची’ कोणती हे ठरवणारे कोण? समितीतली आडनावं वाचा.

गावी जाल तेव्हा ‘चुन्याची भट्टी कुठं होती’ एवढं म्हाताऱ्यांना विचारा. माप घ्या, फोटो काढा, तिथं राबलेल्या घरांची नावं त्यांच्या परवानगीनं लिहून ठेवा. ग्रामसभेत अर्ज द्या. लवकर करा, कारण रस्त्याला मुरूम कमी पडला की पहिला जेसीबी त्याच उंचवट्यावर येतो.