यंत्रे सज्ज, नमुन्यांचे काय?

लेण्याद्रीच्या डोंगरातले चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त याचे दान होय, हे आपणांस ठाऊक आहे ते त्याने त्या दानाची नोंद ब्राह्मी अक्षरांत कोरून ठेवविली म्हणून. आणि त्याच जुन्नर तालुक्यात, खोडदच्या परिसरात, रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या आकाशातले क्षीण संकेत टिपतात व संगणक त्यांचा परस्परसंबंध ताडून पाहतो. नोंद आणि गणित या दोहोंची सांगड यकृताच्या कर्करोगाच्या संशोधनात घालण्याची वेळ आता आली आहे.

जनुकाचा मजकूर सलग नसतो, त्याच्या आरएनए-नकलेतून इंट्रॉन नावाचे भाग छाटले जाऊन एक्सॉन नावाचे भाग सांधले जातात, हे फिलिप शार्प व रिचर्ड रॉबर्ट्स यांनी 1977 साली दाखविले आणि 1993 साली त्यांस नोबेल मिळाले. कोणता एक्सॉन ठेवावा व कोणता गाळावा, हे नियामक प्रथिने ठरवितात. त्यांचा तोल ढळला की एकाच जनुकापासून भलतेच प्रथिन निपजते, आणि यकृताच्या कर्करोगात असे ढळणे वारंवार आढळते.

अशा शेकडो नियामकांपैकी मूळ कसूर कोणाचा, हे हाताने शोधणे अशक्यप्राय. म्हणून संगणक अनेक रुग्णांच्या गाठींतल्या आरएनएचे वाचन घेतो, कोणता नियामक वाढला असता कोणते एक्सॉन गळतात आणि त्या एक्सॉनांलगत त्या नियामकास ओळखू येणारी अक्षरमालिका आहे किंवा कसे, हे पडताळून संशयितांची यादी करतो. तथापि दोन गोष्टी बरोबरीने घडल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. संशयिताला जिवंत पेशीत निष्प्रभ करून पाहिल्यावाचून गुन्हा शाबीत होत नाही.

गणिताची आपल्याकडे वाण नाही. पुण्याच्या सी-डॅकने 1991 सालीच ‘परम’ महासंगणक उभा केला. उणीव आहे ती नमुन्यांची. ‘जीनोम इंडिया’ने 10,000 भारतीयांच्या जनुकसंचांचे वाचन केले, परंतु ते निरोगी माणसांच्या रक्तातले, गाठीतला आरएनए त्यात नाही. जगभर वापरला जाणारा मोठा संग्रह अमेरिकेने जमविलेला आहे. कावीळ ‘बी’ व ‘सी’चे विषाणू, मद्य, यकृतात साठणारी चरबी, बुरशी लागलेल्या भुईमुगातले व मक्यातले अफ्लाटॉक्सिन, या कारणांचे प्रमाण देशोदेशी निराळे असताना परक्या गाठींवरून काढलेला निष्कर्ष आपल्या रुग्णांस सरसकट लागू करणे धाडसाचे होय.

प्रतिबंध आधी, हा आक्षेप रास्तच आहे. नवजात बालकास ‘बी’ची लस वेळेवर मिळालीच पाहिजे. परंतु ज्यांच्या यकृतात विषाणूने पूर्वीच ठाण मांडले, त्यांचा रोग तिने टळणार नाही.

नमुने जमविण्यातली अडचण ही की आरएनए नाशवंत असतो: गाठीचा काढलेला तुकडा तत्काळ द्रव नायट्रोजनमध्ये गोठविला तर त्यातला आरएनए टिकतो, फॉर्मॅलिनच्या बाटलीत त्या आरएनएचे तुकडे होतात. ग्रामीण भागात नेटकी नोंद ठेवता येत नाही, ही सबब बार्शीच्या ग्रामीण कर्करोग नोंदणीने 1987 पासून खोटी ठरविली आहे. तेव्हा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत गोठवणीची तजवीज, रुग्णाची लेखी संमती आणि त्याच्या आहाराची व विकारांची नोंद यांस सरकारने स्वतंत्र मंजुरी द्यावी. यंत्रखरेदीबरोबर नमुन्यांचे दफ्तर उभे राहिले नाही, तर आपले संगणक परक्या रुग्णांचाच हिशेब मांडीत बसतील.