भोकाचे कोसे
आरमोरीजवळच्या एका गावात टसर रेशीम पिकवणाऱ्या ढीवरांच्या घरी मी फुटके कोसे मागितले, तेव्हा तिथल्या मावशी म्हणाल्या, "मास्तर, भोकाचे कोसे नेऊन काय करता जी?" चित्रं काढणार म्हटल्यावर त्यांनी पिशवीभर कोसे दिले आणि पैसे घ्यायला नकार दिला. तो नकार मला अजून टोचतो.

टसरचा किडा शेडमध्ये वाढत नाही. येन आणि अर्जुनाच्या झाडांवर, भर पावसाळ्यात, उघड्यावर वाढतो. पाखरं आणि मुंग्या त्याच्यावर टपून असतात, म्हणून घरातलं कुणीतरी दिवसभर झाडाखाली राखणीला असतं. अखंड कोशातून सलग धागा निघतो, पण त्यासाठी आतला जीव मारावा लागतो. पुढच्या पिकाला अंडी हवीत तर काही पतंग बाहेर येऊ द्यावेच लागतात. त्यांनी सोडलेल्या कोशाचं सूत कातावं लागतं आणि त्याला भाव कमी.

मी या कोशांवर थेट जलरंग लावून पाहिला. थेंब घरंगळून गेला, कारण वरचा डिंकासारखा थर पाणी शोषत नाही. मग धुण्याच्या सोड्यात उकळले, ओले असतानाच कापून वजनाखाली दाबले. आगपेटीपेक्षा जरा मोठा, मधाच्या रंगाचा तुकडा हाती आला, अंगभर बारीक धागे असलेला. रेघ फुटू नये म्हणून धावड्याच्या डिंकाचा पातळ हात दिला. पळसफुलाचा रंग तुरटीसोबत त्यावर असा बसतो की कागदावर बसूच शकत नाही.

मी कोशांवर चित्रं काढतो म्हणून विद्यार्थी मला साळिंदराचे काटे आणून देतात, कुणी हरणाच्या कातड्याबद्दल विचारतो. मी स्पष्ट नाही म्हणतो. मुंगसाच्या केसांचे ब्रशही नकोत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंदी असलेली वस्तू हातात धरून जंगल रंगवायचं कसं? प्राण्यापासून आलेलं साहित्य घ्यायचं तर त्यानं स्वतःहून मागे टाकलेलं घ्यावं.

एका प्रदर्शनात मला सांगितलं गेलं की ही चित्रकला नव्हे, हस्तकला आहे. पिंगुळीच्या परशुराम गंगावणेंना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली, ती पारंपरिक लोककलांचा वारसा जपल्याबद्दल, आणि त्यात चामड्याच्या चित्रित बाहुल्याही येतात. चित्राचा पाया कागदच हवा, हा हट्ट आता सोडायला हवा. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांची तयारी करणाऱ्या गडचिरोली-चंद्रपूरच्या मुलांनी निदान एक चित्र फुटक्या कोशावर काढावं आणि शाळांनी ते कोसे थेट ढीवर कुटुंबांकडून विकत घ्यावेत.

पुढच्या हंगामातले फुटके कोसे मी मावशींकडे सांगून ठेवले आहेत. यंदा भाव किलोवर नाही, नगावर ठरला आहे, आणि पैसे आधी दिले आहेत.