घाणेरीचा निकाल

ऑफिसात आपण ऊठसूट एकमेकांना ऐकवतो, ‘बॉस, प्रॉब्लेमच्या मुळाशी जा.’ घरी मात्र परसातली जुनी, चिवट झुडपं समोर आली की आपला फंडा एकच. माळीकाकांना बोलवा, छाटून घ्या, सुटलो! मे महिन्यात सगळं चकाचक आणि गणपतीपर्यंत जंगल पुन्हा हजर.

आमच्या पुण्यातल्या घरामागे हेच वर्षानुवर्षं चालू होतं. झुडूप कोणतं, तर घाणेरी. कुणी टणटणी म्हणतं. पानं चुरगळली की उग्र वास, खोडावर बारीक काटे, वर गुलाबी-पिवळ्या फुलांचे झुबके. बाबांनी प्लॉट घेतला तेव्हा आजूबाजूला शेतं होती. गुरं आत येऊ नयेत म्हणून त्यांनी ती कुंपणाला लावली. घाणेरीला गुरं तोंड लावत नाहीत, लावलंच तर पानांतल्या विषाने त्यांचं लिव्हर बिघडतं. आता शेतं गेली, गुरं गेली, बाबाही गेले. घाणेरी मात्र भिंतीपासून पार धुण्याच्या दगडापर्यंत येऊन ठेपली. सत्तरीच्या आईने परसात जाणंच सोडलं. साडी काट्यात अडकते, पाय कशावर पडेल याचा नेम नाही. तिचा गवती चहा, तिचा कढीपत्ता, सगळं पलीकडे अडकलेलं.

‘काढून टाकू या का गं?’ मी विचारलं.

‘अरे, तुझ्या बाबांनी लावलीये. आणि फुलपाखरं किती येतात बघ.’

झालं! आता कुदळ काय कामाची?

मग मी थोडा गृहपाठ केला. ही बाई मुळात इथली नाहीच. माहेर मध्य आणि दक्षिण अमेरिकेत. १८०९ च्या सुमारास ब्रिटिशांनी शोभेचं झुडूप म्हणून कोलकात्याच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये आणली आणि तिथून ती देशभर पसरली, अगदी व्याघ्र प्रकल्पांतही. बुलबुलांसारखे पक्षी तिची काळी फळं खातात आणि बिया गावभर पेरतात.

तिला हटवायची युक्तीही जंगलातूनच आली. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती कॉर्बेटमध्ये वापरली. त्यावरचा त्यांचा शोधनिबंध २००९ मध्ये आला. जमिनीलगत खोड कापलं की बुंध्यातून नवे धुमारे फुटतात, आधीपेक्षा दाट. म्हणून खोड संपून मूळ सुरू होतं त्या जागेच्या खाली, जमिनीत साधारण ३ ते ५ सेंटिमीटरवर मुख्य मूळ तोडायचं. मग अख्खं झुडूप उचलून उलटं ठेवायचं, बुंधा वर, फांद्या खाली. म्हणजे ते पुन्हा रुजत नाही. ना तणनाशक, ना जेसीबी.

बाकी पथ्यं सोपी आहेत. पावसाने माती भिजली की कुदळ हलकी चालते. जाड हातमोजे आणि फुल शर्ट मस्ट. काम फळं धरण्याआधी उरका आणि फळं असलीच तर ती फांदी कंपोस्टमध्ये टाकू नका. पालाही गाईपुढे टाकू नका. नंतर पक्षी बसतात त्या झाडांखाली आणि तारांखाली नजर ठेवा. तिथे रोपं उगवणारच. बोटभर असतानाच उपटलीत तर पाच मिनिटांचं काम. दोन-तीन पावसाळे तरी हे करावंच लागतं.

आणि हो, हे सगळं झुडपाचं. झाड काढायचं असेल, तर ते आपल्याच कंपाउंडमध्ये असलं तरी शहरात १९७५ च्या कायद्याने वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. आधी महापालिकेच्या उद्यान विभागात जा, मग कुऱ्हाड शोधा.

राहता राहिला फुलपाखरांचा मुद्दा. त्यावर उत्तर आईच्याच परसात होतं. कढीपत्त्याच्या आणि लिंबाच्या पानांवर कितीतरी फुलपाखरं अंडी घालतात. मोकळ्या जागेत लिंबू, अडुळसा आणि खुळखुळा लावू या, असं मी सुचवलं. मोकळी ठेवली तर तिथे घाणेरीच परत येते. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘त्यांनी गुरं अडवायला लावली होती. मला अडवायला नाही.’

दोन रविवार लागले. तळहाताला फोड आले, सोमवारच्या मीटिंगमध्ये पाठ बोंबलत होती. पण आई आता रोज सकाळी चहासाठी पात तोडायला स्वतः जाते.

तेव्हा मंडळी, घरच्यांनी लावलेलं झाड-झुडूप काढायचं असेल, तर ते कुणी लावलं याबरोबर कशासाठी लावलं हेही विचारा. कारण संपलं असेल, तर होकार मिळणं तितकंसं अवघड नसतं. पुढचं काम कुदळीचं.