महामार्ग झाले, पाऊलवाटेचे काय?

पनवेल-खालापूर परिसरातील रस्त्यांनी महाराष्ट्राची काही नामवंत माणसे हिरावून नेली. फेब्रुवारी २००१ मध्ये भाताण बोगद्याजवळ ज्येष्ठ अभिनेत्री भक्ती बर्वे यांचे अपघाती निधन झाले, तेव्हा मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पुरता बांधूनही झाला नव्हता. १४ ऑगस्ट २०२२ रोजी पहाटे याच मार्गावर माडप बोगद्याजवळ शिवसंग्रामचे नेते विनायक मेटे यांना मृत्यूने गाठले. अशा प्रत्येक प्रसंगी वृत्तपत्रांचे रकाने भरून आले, चर्चा झाली, चौकशा झाल्या. ते योग्यच होते. परंतु याच परिसरात रस्ता ओलांडताना जो कामगार, जी भाजीवाली वा जो शाळकरी मुलगा वाहनाखाली सापडतो, त्याच्या वाट्याला आतल्या पानावरील दोन ओळी येतात : 'अज्ञात वाहनाच्या धडकेत पादचाऱ्याचा मृत्यू'. वाहन अज्ञात आणि बहुधा मृताचे नावही वाचकाला अज्ञातच.

या अज्ञातांची संख्या किती आहे? केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली आणि त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होती. म्हणजे दररोज सुमारे नव्वद माणसे केवळ पायी चालत असताना मेली. त्याच वर्षी महाराष्ट्रातील एकूण अपघाती मृत्यू १५,२२४ होते. एखाद्या रोगाच्या साथीत इतके बळी गेले असते, तर शासनाला आणि समाजालाही स्वस्थ झोप लागली नसती. येथे मात्र 'रस्ता म्हटला की अपघात व्हायचेच' अशी एक विचित्र स्थितप्रज्ञता अंगी बाणलेली दिसते.

पनवेल हे या प्रश्नाचे चालतेबोलते उदाहरण आहे. घाटावरचा माल बोरघाटातून उतरून येथल्या बंदरात यायचा आणि गलबतांतून मुंबईला जायचा, त्या काळापासून हे गाव वाटांच्या संगमावर वसलेले आहे. १८५२ साली येथे नगरपालिका स्थापन झाली. आज शीव-पनवेल महामार्ग, जुना मुंबई-पुणे महामार्ग, कळंबोलीहून सुरू होणारा द्रुतगती मार्ग, न्हावा-शेवा बंदराकडे जाणारा कंटेनरचा रस्ता आणि पळस्पे फाट्यावरून फुटणारा मुंबई-गोवा महामार्ग, असे पाच मोठे रस्ते या एका गावाभोवती आवळले गेले आहेत. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. वाहनांचा लोंढा यापुढे वाढतच जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

या रस्त्यांविषयी अभिमान वाटावा अशी परिस्थिती आहे, हे आधीच नमूद केले पाहिजे. युती शासनाच्या काळात ज्या द्रुतगती मार्गाचा संकल्प सोडला गेला आणि जो २००२ मध्ये पूर्णपणे खुला झाला, तो देशातील या प्रकारचा पहिला मोठा प्रकल्प होता. त्याने मुंबई आणि पुणे ही दोन शहरे एकमेकांच्या अंगणात आणून ठेवली. प्रश्न रस्ता करण्याचा नाही. तो करताना आराखड्याच्या कागदावर माणसाची कोणती आकृती समोर होती, हा प्रश्न आहे. वाहनात बसून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारा प्रवासी तिथे होता. रस्त्याच्या एका बाजूला घर आणि दुसऱ्या बाजूला शेत, शाळा किंवा एस.टी.चा थांबा असलेला ग्रामस्थ मात्र तिथे नव्हता. त्याला गृहीत धरले गेले ते अडथळा म्हणून.

मुंबई-गोवा महामार्गाचेच पाहा. पळस्पे सोडल्यावर थोड्याच अंतरावर शिरढोण लागते. ४ नोव्हेंबर १८४५ रोजी आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म झाला ते हे गाव. पुढे कर्नाळ्याचा अंगठा, अभयारण्य, तारा, खारपाडा. पिढ्यान्‌पिढ्या या गावांची माणसे जो रस्ता सहज ओलांडत होती, त्याचे चौपदरीकरण पळस्पे ते इंदापूर या टप्प्यात २०११ पासून सुरू झाले आणि दशक उलटले तरी रेंगाळतच राहिले. अर्धवट कामाचा जाच वाहनधारकाला होतोच, आणि गणेशोत्सवाच्या तोंडावर चाकरमान्यांच्या हालांच्या बातम्याही येतात. पण वळवलेल्या मार्गिका, उखडलेल्या कडा आणि अंधार यांतून रोज दोनदा पायी जाणाऱ्याची बातमी येत नाही. कारण तो गावचाच असतो, आणि गणपती गेल्यावरही तिथेच राहतो.

येथे एक साधे गणित मांडून पाहावे. शीव-पनवेल महामार्ग दहापदरी आहे. एक मार्गिका सुमारे साडेतीन मीटर रुंद धरली, तर निम्मा रस्ता, म्हणजे दुभाजकापर्यंतचे अंतर, साडेसतरा मीटर होते. साठी ओलांडलेली व्यक्ती सेकंदाला सुमारे एक मीटर चालते. तिला दुभाजक गाठायला सतरा-अठरा सेकंद लागतात. तेवढ्या वेळात ताशी ८० किलोमीटर वेगाने येणारे वाहन जवळजवळ चारशे मीटर अंतर कापते. म्हणजे पाऊल टाकण्यापूर्वी आजीने चारशे मीटरवरील वाहन ओळखावे, त्याचा वेग जोखावा आणि पाचही मार्गिकांच्या बाबतीत हे एकाच वेळी करावे, अशी आपल्या अभियंत्यांची अपेक्षा दिसते. रात्री, पावसात, समोरून दिव्यांचा झोत येत असताना तर कोणत्याही तरुणालाही ते साधणार नाही.

त्यावर ठरलेले उत्तर असते : पादचारी पूल बांधला आहे, लोक वापरत नाहीत. लोक का वापरत नाहीत, हे कोणी विचारत नाही. महामार्गावर साडेपाच मीटर मोकळी उंची सोडावी लागते. म्हणजे चाळीसेक पायऱ्या चढायच्या आणि तितक्याच उतरायच्या. डोक्यावर पाटी असलेल्या बाईने, कडेवर मूल घेतलेल्या आईने, गुडघे धरलेल्या वृद्धाने हे रोज करायचे. आणि वाहनात बसलेल्याने मात्र पायाचा ब्रेकवरचा दाबही वाढवायचा नाही! भुयारी मार्गांची कथा निराळी नाही. पावसाळ्यात पाणी, एरवी अंधार आणि घाण; सायंकाळी सातनंतर एकट्या मुलीला तेथून पाठवायला कोणते पालक धजावतील? जे काम चुकीच्या ठिकाणी किंवा अर्ध्या मनाने केले जाते, ते वापरले जात नाही, आणि मग न वापरणाऱ्यालाच बेशिस्त ठरवले जाते.

बेशिस्त आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. कानाला मोबाईल लावून रस्त्यात उतरणारे आहेत, दुभाजकाचे कुंपण तोडून वाट पाडणारे आहेत. त्याहून अधिक ते आहेत, जे पदपथावर आपली मोटार उभी करतात, वळसा टाळण्यासाठी दुचाकी उलट्या दिशेने दामटतात, आणि झेब्रा पट्ट्यावर कोणी उभे दिसले की भोंगा वाजवतात. हे सर्व सुशिक्षित घरांतून येतात, आणि घरी मुलांना नागरिकशास्त्र शिकवणारेही तेच असतात. मध्यमवर्गाच्या दारात वाहन आले आणि एका पिढीत पायी चालणे हे गरिबीचे लक्षण ठरले. जो वर्ग आवाज उठवू शकतो, तो आता काचेच्या आत बसलेला आहे.

परंतु चुकीला मृत्यू ही शिक्षा असू शकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार पादचाऱ्याला धडकणाऱ्या मोटारीचा वेग ताशी ५० वरून ६५ किलोमीटरवर गेला, तर मृत्यूची शक्यता साडेचार पट होते. वस्तीतून जाणाऱ्या रस्त्यावर वेग किती असावा, हा म्हणूनच जीवनमरणाचा निर्णय ठरतो. आणि पादचारी म्हणजे कोणी वेगळी जमात नव्हे. ५ जून २०१६ रोजी द्रुतगती मार्गावर पनवेलजवळ शेडुंग येथे टायर बिघडल्याने कडेला थांबलेल्या मोटारींवर एक खासगी बस आदळली आणि सतरा जणांचा बळी गेला. मोटारीतून एक पाय खाली ठेवला, की मोटारमालकही पादचारीच असतो.

ज्या भूमीत पायी चालणे ही उपासना आहे, तेथे या विषयाला आणखी एक बाजू आहे. १९ नोव्हेंबर २०१९ रोजी दिवे घाटात संत नामदेव महाराजांच्या दिंडीत जेसीबी यंत्र घुसले. नामदेवरायांचे वंशज सोपान महाराज नामदास आणि आणखी एक वारकरी त्यात गेले. नोव्हेंबर २०२१ मध्ये खालापूर तालुक्यातून आळंदीला निघालेल्या दिंडीला वडगाव मावळजवळ साते गावापाशी टेम्पोने चिरडले. ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी सांगोल्याजवळ जुनोनी येथे कार्तिकीला पंढरपूरकडे चाललेल्या करवीर तालुक्यातील सात वारकऱ्यांचा मोटारीखाली अंत झाला. रायगड-नवी मुंबईतील आगरी-कोळी गावांतून कार्ल्याच्या एकवीरेला पायी पालख्या जातात, त्यांनाही पनवेल-खोपोलीचा हाच जुना महामार्ग धरावा लागतो.

या संदर्भात एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते ज्ञानेश्वर महाराज आणि तुकाराम महाराज पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाच्या कामांचा शिलान्यास झाला. त्या आराखड्यात वारकऱ्यांसाठी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना स्वतंत्र चालण्याची वाट धरलेली आहे. निर्णय स्वागतार्हच आहे, परंतु त्यातून सिद्ध झालेली बाब अधिक महत्त्वाची. पायी चालणारा मोजायचा असे शासनाने एकदा ठरवले, की जमीन मिळते, निधी मिळतो आणि अभियंत्यांच्या कागदावर वाटही उमटते. मग पंढरीच्या वाटेवर जे शक्य झाले, ते पळस्प्याहून शिरढोणला, कामोठ्याहून कळंबोलीला रोज पोटासाठी चालणाऱ्याच्या बाबतीत अशक्य का? त्याच्या हाती टाळ नसतील, डबा असेल.

नितीन गडकरी यांनी डिसेंबर २०२४ मध्ये लोकसभेत केंद्रीय मंत्री या नात्याने मोकळेपणाने कबूल केले, की अपघात निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट साधले नाही, उलट अपघात वाढले. आंतरराष्ट्रीय बैठकीत हा विषय निघाला की आपण तोंड लपवण्याचा प्रयत्न करतो, असेही ते म्हणाले. असा प्रांजळपणा सत्तेत दुर्मीळ आहे. मात्र प्रयत्नांना फळ येतच नाही असे नाही. द्रुतगती मार्गावर २०१६ मध्ये १५१ मृत्यू झाले होते. रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि सेव्हलाइफ फाउंडेशन यांनी एकेक धोक्याची जागा शोधून दुरुस्त करायला घेतल्यावर २०१९ पर्यंत ही संख्या शंभराच्या आत आली. वाहनांतल्यांसाठी जे करता आले, ते चालणाऱ्यांसाठी करण्याची विद्या काही निराळी नाही.

कायद्याचा आधारही आता आहे. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यातील कलम १९८-अ नुसार रस्त्याच्या सदोष आराखड्यामुळे, बांधणीमुळे वा देखभालीअभावी मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर संबंधित प्राधिकरण, कंत्राटदार आणि सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कोट्यवधींच्या कंत्राटात एक लाख म्हणजे काय, हे सांगायला नको. तरी दोष निश्चित करण्याचे दार उघडले आहे. कोइंबतूरचे अस्थिशल्यविशारद डॉ. एस. राजशेखरन यांच्या याचिकेत १४ मे २०२५ रोजी न्या. अभय ओक आणि न्या. उज्ज्वल भुयान यांच्या खंडपीठाने पदपथाचा हक्क हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे स्पष्ट केले आणि राज्यांना त्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे ठरवण्यास सांगितले.

पण पनवेलमध्ये ही तत्त्वे पाळायची कोणी? राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण, सार्वजनिक बांधकाम खाते, रस्ते विकास महामंडळ, सिडको आणि २०१६ मध्ये स्थापन झालेली महापालिका, असे रस्त्यांचे पाच धनी येथे आहेत. एका किलोमीटरच्या पायपिटीत नागरिक दोन-तीन हद्दी ओलांडतो, आणि मृत्यू हद्दीवरच झाला तर फाइल तिथेच थांबते. महापालिकेने तरी निदान आपल्या क्षेत्रातील प्रत्येक पादचारी-मृत्यूचे ठिकाण, वेळ आणि त्या रस्त्याचा धनी यांची दरमहा जाहीर नोंद ठेवावी. त्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही.

शासनाची वाट न पाहता समाजाला करता येण्याजोगे एक काम आहे. वाहन पळून गेले, तर मृताच्या कुटुंबाला पूर्वी २५ हजार रुपये मिळत. १ एप्रिल २०२२ पासून ही भरपाई दोन लाख आणि गंभीर जखमीसाठी ५० हजार झाली आहे. तिच्यासाठी फार थोडे अर्ज येतात, याची दखल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये घेतली आणि महिन्याभरात वाहनाचा छडा न लागल्यास पोलिसांनीच कुटुंबाला या योजनेची लेखी माहिती द्यावी, असा आदेश दिला. अर्ज तालुका वा उपविभाग पातळीवरील दावा चौकशी अधिकाऱ्याकडे करायचा असतो. मृत बहुधा परगावचा मजूर, घरी अक्षरओळखही बेताची. पोलीस ठाण्याचा कागद हाती आला तरी तो घेऊन जायचे कुठे, हे ठाऊक नसते. सेवाकार्याची सवय असलेल्या चार-पाच कार्यकर्त्यांनी पनवेल तालुक्यातील पोलीस ठाण्यांत जाऊन गेल्या वर्षभरातील 'अज्ञात वाहन' अशा नोंदी पाहाव्यात, त्या घरांचे पत्ते शोधावेत आणि त्यांच्यासोबत बसून हा अर्ज भरून द्यावा.