व्हिसा एका वर्षाचा की मुक्कामाचा?

संगणकावर करायचे काम पुण्यात बसून केले काय आणि लिस्बनमध्ये बसून केले काय, हा विचार आता मध्यमवर्गीय मराठी घरांतही शिरला आहे. पोर्तुगालने अशा दूरस्थ काम करणाऱ्यांसाठी ऑक्टोबर 2022पासून 'डी 8' हा व्हिसा सुरू केला. ज्या सत्तेला गोव्यातून घालवण्यासाठी 1955 साली महाराष्ट्रातून सत्याग्रहींच्या तुकड्या गेल्या, तिच्याच राजधानीत बिऱ्हाड थाटण्याची ही ओढ! अर्थात त्यात वावगे काही नाही. प्रश्न आहे तो कोणत्या दाराने जायचे याचा.

'डी 7' हा व्हिसा निवृत्तिवेतन, भाडे, लाभांश यांवर जगणाऱ्यांसाठी आहे. पगारदाराने त्या वाटेला जाऊ नये. 'डी 8'साठी तेथील किमान वेतनाच्या चौपट मासिक उत्पन्न लागते. 2025च्या हिशेबाने ते 3480 युरो, म्हणजे साडेतीन लाख रुपयांच्या आसपास होते. कंपनीची लेखी अनुमती हवीच, आणि वर्षात 183 दिवसांहून अधिक राहिल्यास करही तेथेच सुरू होतो.

या 'डी 8'चे दोन प्रकार आहेत. एक तात्पुरत्या वास्तव्याचा, फार तर वर्षभराचा. दुसरा निवासाचा, त्यावर चार महिन्यांच्या आत तेथे जाऊन दोन वर्षांच्या परवान्यासाठी उपस्थित व्हावे लागते. 'वर्षभर राहून तर पाहू' हा पहिला विचार शहाणपणाचा वाटतो. पण कुटुंबीयांना बोलावून घेण्याचा हक्क निवास परवानाधारकालाच आहे. ऑक्टोबर 2025पासून तेही नियम कडक झाले असून, लहान मुले असलेल्यांना काही सवलती असल्या तरी, सर्वसाधारणपणे दोन वर्षांच्या वास्तव्याची अट आली आहे. कर्त्याने पुढे जायचे आणि मागाहून बायकामुले न्यायची, हा आखाती नोकरीचा प्रघात येथे घर दुभंगून ठेवील. त्यातच परवाना देणाऱ्या तेथील नव्या यंत्रणेकडे 2023च्या स्थापनेच्या वेळीच लक्षावधी प्रलंबित प्रकरणे येऊन पडली होती.

मग निवासाचाच व्हिसा घ्यावा? घ्यावा, पण एक कलम वाचून. परवान्याच्या काळात सलग सहा महिने किंवा तुटक आठ महिन्यांहून अधिक काळ सबळ कारणावाचून देशाबाहेर राहिल्यास तो रद्द होऊ शकतो. इकडे आई-वडील सत्तरीच्या पुढचे आहेत. आजारपण आणि शुश्रूषा यांचे गणित सहा महिन्यांत बसतेच असे नाही, आणि वडिलांच्या उशाशी बसलेल्या मुलाने परवान्याचे दिवस मोजावेत, ही वेळ कोणावर येऊ नये. ज्या घरात धाकटा भाऊ वा बहीण जवळ नाही, त्याने वर्षाचाच व्हिसा घ्यावा आणि सारे कुटुंब त्या बेताने आखावे.

मुलांच्या शाळेचा प्रश्न वेगळाच. तेथे सहा ते अठरा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचे आहे आणि सरकारी शाळेचे माध्यम पोर्तुगीज. वर्षभरासाठी नेलेले दुसरीतील मूल ती भाषा अर्धी शिकते आणि परत आल्यावर मराठीत मागे पडलेले असते. दोन-तीन वर्षे राहिले तर पोर्तुगीज त्याच्या जिभेवर बसते. घरात मराठी टिकवण्याचे काम मग आईवडिलांचेच.

ते अशक्य नाही. 1975 साली मोझांबिक स्वतंत्र झाल्यानंतर तेथील गुजराती हिंदू कुटुंबे, त्यांत दीवची पुष्कळ, लिस्बनला आली. आज लुमियार भागात त्यांचे राधाकृष्ण मंदिर उभे आहे. त्या मंडळींनी मागे वळण्याचे दार बंद झाल्यावर तेथे घर केले. संगणक घेऊन निघालेल्या कुटुंबाचे दार मात्र उघडे आहे, आणि ते बंद करणारा एकच कागद आहे. राज्यघटनेच्या नवव्या अनुच्छेदाची आणि 1955च्या कायद्याची दिशा स्पष्ट आहे: स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेताच भारतीय नागरिकत्व संपते. परदेशस्थ भारतीय नागरिकाच्या कार्डाने येणे-जाणे सुकर होते, परंतु मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. निवास परवान्यासाठी यातले काहीच सोडावे लागत नाही. व्हिसा विकणारे दलाल 'शेवटी पारपत्र मिळते' असे सांगतात, तेव्हा ते शेवटी जाते काय, हे मात्र सांगत नाहीत.