मागणी भिकेची नव्हे, हक्काची



वॉरंटी संपल्यावर दुरुस्तीचा खर्च कार कंपनीकडे मागणे म्हणजे फुकटेपणा, हे आपल्या अंकातील लेखकाचे मत एकांगी आहे. झिजलेल्या ब्रेक पॅडचे पैसे कोणी मागत नाही. वाद मुळातल्या दोषाचा आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 39 नुसार ग्राहक आयोग दोष दूर करण्याचा, किंमत परत करण्याचा किंवा भरपाईचा आदेश देऊ शकतो.

कोर्टकचेरी परवडत नाही, हेही अर्धसत्यच. पाच ते दहा लाखांच्या गाडीसाठी तक्रारीचे शुल्क 200 रुपये. वकील सक्तीचा नाही.

खरी अडचण पुराव्याची. माझ्या गाडीचा स्टिअरिंग रॅक बदलला. जुना मागितला तर सर्व्हिस सेंटरवाले ‘भंगारात गेला’ म्हणाले. बिल भरण्यापूर्वी जुना पार्ट आणि जॉब कार्ड ताब्यात घ्या. तक्रारीची मुदत दोन वर्षे आहे.

– एक वाहनधारक, सांगली