एक पाटा वाढवा!

मित्रांनो, आधीच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ चुकले तर सांभाळून घ्या. इंग्लिश सेक्शनला लेख देता आला असता. पण हा विषय ज्यांच्याकडून शिकले त्यांना तो वाचून दाखवायचाय, आणि त्यांना इंग्लिश येत नाही.

पाटणच्या डोंगरात माझ्या मामाची एक जीप आहे. १९९६ची, सेकंडहँड घेतलेली. दुधाचे कॅन, खताची पोती, पावसाळ्यात वाडीतले पेशंट... सगळं तीच नेते. रस्ता म्हणजे अर्धा ओढाच! गेल्या दिवाळीत गेले तर जीप मागून डावीकडे बसलेली. खड्ड्यात गेली की खाडकन आवाज. मामा म्हणाला, "काय गं इंजिनिअर, काय करायचं हिचं?"

आता मशीन डिझाइनला लीफ स्प्रिंगच्या प्रॉब्लेममध्ये मला पैकीच्या पैकी मार्क. पाट्यांची संख्या वाढली की डिफ्लेक्शन कमी, स्ट्रेसही कमी. मी ऐटीत सांगून टाकलं, "एक पाटा वाढवा!" मामाने जवळच्या गॅरेजात पाटा वाढवून घेतला. जीप मस्त उचलली. मी हॉस्टेलवर येऊन सगळ्यांना फोटो दाखवले.

फेब्रुवारीत एका बाळंतिणीला दवाखान्यात नेताना उतारावर मागचा ॲक्सल जागेवरून सरकला. जीप खेकड्यासारखी तिरकी व्हायला लागली. मामाने दगडाला टेकवून ती कशीबशी थांबवली. दुधाचा टेम्पो येईपर्यंत दीड तास ती बाई रस्त्याच्या कडेला होती. आई-बाळ दोघं सुखरूप आहेत. पण ते माझ्या फॉर्म्युल्यामुळे नाही.

मग जीप कराडला एका म्हाताऱ्या पाटेवाल्या चाचांकडे गेली आणि मी सुट्टी टाकून मागोमाग. चाचांनी आधी काही न बोलता सगळं खोललं. पाटा वाढला म्हणून थप्पी जाड झाली होती आणि यू-बोल्ट मात्र जुनेच. नटाला धरायला जेमतेम दोन-तीन आटे. ते ढिले झाले. ॲक्सल खरं तर यू-बोल्टच्या आवळण्याने जागेवर राहतो. आवळण गेली की सगळा जोर मधल्या सेंटर बोल्टवर येतो, आणि तो असा जोर घ्यायला नसतोच. तो कापला गेला.

तारेच्या ब्रशने गंज काढल्यावर दुसऱ्या पाट्याला सेंटर बोल्टच्या भोकापासून गेलेली चीर दिसली. मूळ दुखणं ते होतं! शॅकलचे बुश अंडाकृती झालेले, तो खाडकन आवाज त्यांचाच. मी दिवाळीत त्या पाट्यांखाली वाकूनसुद्धा पाहिलं नव्हतं.

"बाळ, पाटा वाढवून दुखनं जात न्हाई, झाकतं," चाचा म्हणाले. त्यांनी मुख्य आणि दुसरा पाटा नवा घातला, बाकीच्यांना थंडच ठोकून कमान दिली. गॅसने तापवून का नाही, विचारलं. म्हणाले, "तापवला की पाणी उतरतं, म्हैन्यात परत बसतो." म्हणजे टेम्परिंग जातं! मटेरियल सायन्सची अख्खी युनिट एका वाक्यात. बुश, पिना, यू-बोल्ट नवे, आणि हे सगळं दोन्ही बाजूंना, कारण एकच बाजू केली तर गाडी पुन्हा कलते. रबरी बुशचे नट जीप चाकांवर उभी केल्यावरच शेवटचे आवळले, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं. थोडं चालवून यू-बोल्ट परत आवळायला या, असंही बजावलं.

माझं स्पष्ट मत आहे की आपल्या लॅबमधल्या लाल-पिवळ्या रंगाच्या कट मॉडेलने हे कोणालाही कळणार नाही. ते गंजत नाही, बसत नाही, त्याचा नट कोणी फिरवलेला नाही. फॉर्म्युला चूक नाही हो! पण त्यात सगळे पाटे धडधाकट धरलेले असतात आणि यू-बोल्टचे आटे कोणी मोजत नाही. डिपार्टमेंटने भंगारातून एखादी जुनी जीप आणावी आणि थर्ड इयरच्या प्रत्येक बॅचला मागचा ॲक्सल खोलायला लावावा. सर म्हणतील, कोणाला लागलं तर जबाबदार कोण? प्रश्न बरोबर आहे. म्हणूनच जॅक लावल्यावर खाली स्टँड ठेवायला इथेच शिकवा ना. मित्र म्हणतात, आपण शेवटी सॉफ्टवेअरलाच जाणार. जा की! पण सुट्टीत घरी कोणी "काय गं इंजिनिअर" म्हणून विचारलं तर निदान "आधी खोलून बघू" एवढं तरी म्हणता यावं.

तो चीर गेलेला पाटा मी चाचांकडून मागून आणलाय. सध्या माझ्या कॉटखाली आहे आणि वॉर्डन मॅडमनी दोनदा विचारून झालंय. वर्कशॉपच्या सरांनी हो म्हटलं तर सोमवारी आणून देते. जड आहे, दोघी लागतील.